आत्याबाईंचा कांदा

कांद्याला फूल आलं की शेतात आवाज असतो. तो नसला तर काहीतरी राहिलंय असं वाटत राहतं, गॅसवर दूध ठेवून बाहेर पडल्यासारखं. त्या फेब्रुवारीत मी रोज सकाळी वाफ्याच्या कडेला उभी राहायचे आणि मला तसंच वाटायचं. लहान मुलाच्या मुठीएवढे पांढरे गोंडे कमरेइतक्या उंच दांड्यांवर डुलत होते. ऊन होतं, वास होता, वारा होता. मधमाशी मात्र एकही नव्हती.

घरी आले की ओट्यावर बसलेल्या आत्याबाई विचारायच्या, "आल्या का गं?"

जणू लग्नाला निघालेल्या पाहुण्या.

"नाही आल्या अजून."

"येतील. ऊन तापू दे जरा."

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, सखूबाई. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय. दुसऱ्याचं नाव काढलं की म्हणतात, "एक पुरतोय की. दोन डोळ्यांनी काय दोन सुना दिसणारेत?" त्यांचं माहेर डिंभ्याच्या वरच्या अंगाला, जिथे आता धरणाचं पाणी आहे. गाव उठलं, भाऊ पांगले, घराच्या जागेवरून आता मासेमारीच्या होड्या जातात. तिथून आमच्या पिंपरी पेंढारला आलेली एकच गोष्ट अजून जिवंत आहे, ती म्हणजे हा कांदा. लग्नात त्यांच्या आईनं पदराच्या टोकाला बी बांधून दिलं होतं. चपटा, बारका कांदा. चिरायला घेतला तर शेजारची बाई रडते. ओतूरच्या बाजारात नेला तेव्हा व्यापारी हसून म्हणाला होता, "वहिनी, ह्ये काय लसणाचं पोरगं आनलं का?" पण तो दिवाळीपर्यंत सडत नाही, आणि आत्याबाईंना दुसऱ्या कांद्याची भाकरीबरोबर चवच लागत नाही.

अडचण अशी की कांद्याचं बी वर्षभरच टिकतं. पुढच्या वर्षी ते टाकलं तरी उगवत नाही. त्यामुळे दरवर्षी थोडे कांदे पुरायचे, त्यांना फूल येऊ द्यायचं, बी धरायचं. त्याच्या आदल्या वर्षी मार्चात गारा पडल्या आणि सगळे गोंडे मातीत गेले. दिवाळीला घरात उरलेली एक टोपली कांदे, तेवढीच होती. ती सगळी मी पुरली. खायला एकही ठेवला नाही. म्हणजे या वर्षी बी धरलं नाही तर कांदा संपला. तोही आत्याबाईंच्या देखत.

आणि माशा नव्हत्या.

का नव्हत्या हे सांगायला शास्त्रज्ञ नको. आमच्या शिवारात सगळेच फवारतात. आमच्या ह्यांनी टोमॅटोवर मारलं तेव्हा पंपात पाणी मीच ओतून दिलं होतं.

"गुळाचं पाणी मारू," हे म्हणाले. "गोडाला कोन न्हाई येत?"

मी गूळ विरघळवला, ह्यांनी पंप तीनदा धुतला आणि गोंड्यांवर गोड फवारा मारला. दुसऱ्या दिवशी मुंग्या आल्या. इतक्या आल्या की दांडे काळे दिसायला लागले. आत्याबाई म्हणाल्या, "पावनं बोलवलं आन गावच जेवाया आलं."

त्याच आठवड्यात आमची स्नेहल पुण्याहून आली. ती एम.ए. करते. तिला कसलासा निबंध लिहायचा होता, नव्या वळणाच्या कादंबऱ्यांतलं पर्यावरणाचं भान, असा काहीतरी विषय. झेरॉक्सचा गठ्ठा जेवणाच्या ताटाशेजारी उघडा. तसल्या कादंबऱ्या मला माहीत आहेत. ओतूरच्या वाचनालयातून मी त्या आणते आणि भाकरी टाकताना परातीला टेकवून वाचते. त्यांत एक माणूस खिडकीत उभा राहतो, बाहेर एक झाड असतं, आणि पन्नास पानं तो स्वतःबद्दल विचार करतो. मला आपला एकच प्रश्न पडतो, त्या झाडाला पाणी कोण घालतं?

"तेच तर, आई!" स्नेहल म्हणाली. "आधी झाड नुसतं पडद्यासारखं मागे असतं. मग त्या माणसाचा गोंधळ उडायला लागतो. आपण कुठे संपतो आणि बाहेरचं कुठे सुरू होतं हे त्याला कळेनासं होतं. माझं म्हणणं, भान तिथून सुरू होतं."

"गोंधळातून?"

"हो."

"मग आपल्या घरात लई भान आहे," मी म्हटलं. ती हसली, पण तिनं ते लिहून घेतलं, आणि मला उगीचच काळजी वाटली.

ती परत गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी शेजारच्या बांधापलीकडे लाकडी पेट्या आल्या. बांधापलीकडचं शेत धर्माजी भाऊजींचं. आमच्या ह्यांचे चुलत भाऊ, ह्यांच्याहून लहान. त्यांनीही यंदा कांद्याचंच बी धरायला घेतलं होतं, पण ते एका बियाण्याच्या कंपनीसाठी. गडद लाल, गोल, सगळे एका मापाचे. त्यांच्याही गोंड्यांवर माशा नव्हत्या. म्हणून त्यांनी भाड्यानं मधमाश्यांच्या पेट्या आणल्या.

पेट्या उघडल्या आणि दुपारपर्यंत आमचा वाफा वाजायला लागला. गुळाचा वास अजून होताच. माशा बांध ओलांडून सरळ आमच्याकडे. मी धावत घरी गेले.

"आत्याबाई, आल्या!"

त्या काठी टेकत वाफ्यापर्यंत आल्या, डोळे मिटले आणि नुसत्या ऐकत उभ्या राहिल्या. मलाही भरून आलं. मग वाटलं, यात भरून येण्यासारखं काय आहे, दुसऱ्याच्या पेटीतल्या माशा आहेत.

संध्याकाळी धर्माजी भाऊजी आले. पायरीवरच उभे राहिले, चहाला नको म्हणाले. तेव्हाच मला कळलं की काहीतरी आहे.

"वहिनी, भाडं मी भरायचं आन माशा तुमी चारायच्या?"

"तुमच्याच आहेत कशावरून? पायाला चिठ्ठी बांधलीय का?"

"थट्टा नको. चिठ्ठी नसली तरी पायाला तुमच्या कांद्याच्या फुलाचं पीठ बांधून माझ्याकडं येतात ना त्या. कंपनीवाला म्हनतो, एक किलोमीटरच्या आत दुसरा कांदा फुलात नको. मिसळ झाली तर सगळा माल परत. मला वाटलं, तुमचं काय चार दांडं, परसातली भाजी. आता बघतो तर समद्या माशा तुमच्याकडंच पंगतीला."

"मग काय करायचं म्हणता?"

"गोंडं मोडा."

हे आतून बाहेर आले. "धर्मा, ती म्हातारीच्या माहेरची वस्तू हाय."

"माहेर काय माशांना कळतंय का, दादा?"

ते गेले आणि मी तशीच उभी राहिले. कारण त्यांच्या बोलण्यातली अर्धी बाजू आत्ता माझ्या डोक्यात उलटली होती. आमचं पीठ त्यांच्याकडे जातं, म्हणजे त्यांचं आमच्याकडे येतं. गडद लाल, गोल, एका मापाचा कांदा माशीच्या पायांना लागून आत्याबाईंच्या कांद्यात शिरत होता. मी त्याला गूळ लावून बोलावलं होतं.

माशा नसत्या तर बी नाही. माशा आहेत तर बी आहे, पण ते आत्याबाईंचं नाही.

पुढचे काही दिवस मी जे केलं ते कुणी पाहिलं असतं तर मला डॉक्टरकडे नेलं असतं. सकाळी गुळाचं पाणी मारायचे. दुपारी टॉवेल घेऊन माशा हाकलायचे. एक हाकलली की वाटायचं, हिच्या पायाला आपलंच पीठ असेल तर? मग थांबायचे. ती परत बसायची. मग वाटायचं, आणि नसेल तर?

आत्याबाईंना विचारलं, "तुमच्या आईकडे हा कांदा कसा होता हो? रंगानं?"

"पांढरा सफेद," त्या म्हणाल्या. "हितं आला आन लाजून गुलाबी झाला."

म्हणजे तो आधीच बदललेला. मला केवढा आधार वाटला. दुसऱ्या दिवशी परत विचारलं.

"पांढरा? कोन म्हनलं? तांबडाच व्हता. आईच्या हातागत."

स्नेहलला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आई, हे फार इंटरेस्टिंग आहे. शुद्ध असं काही नसतंच, हा मुद्दा..."

"मुद्दा राहू दे. गोंडे मोडू का ठेवू?"

मग ती म्हणाली, "मला माहीत नाही गं." तेवढ्या फोनमध्ये मला तेच एक वाक्य पटलं.

मार्ग काढला तो मोहिनीनं. मोहिनी म्हणजे धर्माजी भाऊजींची बायको, नात्यानं माझी धाकटी जाऊ. तिच्याकडे मी रोज सकाळी ताक आणायला जायचे. ती म्हणाली, "अक्का, मच्छरदाणी टाका की वरून. आमच्या ह्यांचं तोंड बंद आन तुमचं बी तुमच्या हातात. तळव्यांनी फिरवा गोंड्यांवरनं, माशी काय वेगळं करती?"

चार बांबू रोवले, आमची मोठी मच्छरदाणी त्यावर ताणली, खालच्या कडेवर दगड ठेवले. तिच्यात वाफा अर्धाच मावला. घरात दुसरी मच्छरदाणी नव्हती. उरलेला अर्धा उघडा पाहून धर्माजी भाऊजी विळा घेऊनच आले. "ह्यो मी मोडतो," म्हणाले, "तुमच्या हातनं व्हायाचं न्हाई." आणि त्यांनी पहिला गोंडा मुठीत धरला.

त्या मुठीत त्यांच्याच पेटीतल्या तीन-चार माशा होत्या.

त्यांनी विळा टाकला, टोपी टाकली आणि बांधावरून उडी मारून गेले. कानाच्या पाळीवर एक, तळव्यावर दोन. मोहिनीनं त्यांना चुना लावला म्हणे, आणि चुना लावता लावता इतकी हसली की त्यांनी रात्री भाकरी स्वतःच्या हातानं वाढून घेतली. पुन्हा विळा घेऊन आले नाहीत. कंपनीच्या माणसाला त्यांनी काय सांगितलं ते मला माहीत नाही, मी विचारलंही नाही.

मग माझं काम सुरू झालं. ऊन वर आलं की मच्छरदाणीची एक कड उचलायची, आत शिरायचं, दगड परत ठेवायचे. आत गोंडे माझ्या पोटाला लागायचे. तळवे पसरून या गोंड्यावरून त्या गोंड्यावर, पुन्हा या गोंड्यावर. एका गोंड्यात शेकडो फुलं असतात आणि ती सगळी एकदम उघडत नाहीत. काही आज, काही उद्या. म्हणून रोज जावं लागतं. तळव्यांना पिवळसर पूड लागते, ती दिसते न दिसते इतकी. हातांना कांद्याचा वास लागतो आणि धुतले तरी तो जात नाही.

बाहेरून माशा जाळीला येऊन चिकटायच्या. पाय आत घालायच्या, सोंड आत घालायच्या. मी आतून तळवा फिरवायचे. आम्ही एकच काम करत होतो आणि मधे मच्छरदाणी होती. कधी कधी मला वाटायचं, बंद कोण आहे, त्या की मी? त्या तर डोंगरापर्यंत जाऊ शकतात. वाफ्याच्या दृष्टीनं बघितलं तर मी आत आलेली एक भली मोठी, संथ माशी, जिला उडता येत नाही आणि जी गोडाची वाटही बघत नाही. मग वाटायचं, वाफ्याची दृष्टी म्हणजे काय? कांद्याला मी कोण दिसत असेन? त्याला लाल आणि गुलाबी यांतलं काय हवंय? त्याला कुणी विचारलंय का? आधी तो पांढरा होता, मग लाजला, आता कदाचित त्याला लाल व्हायचं असेल. त्याला कुठलं माहेर? की आहे? पाण्याखालच्या त्या मातीची काही खूण त्याच्या पोटात असेल? आणि ती नुसती मीच बघत असेन तर?

असं चाललं होतं. आणि एका सकाळी हात फिरवता फिरवता माझं लक्ष माझ्या साडीकडे गेलं.

निऱ्यांवर पिवळसर पूड होती. पण मी तर नुकतीच आत आले होते, अजून दोनच गोंड्यांना हात लागला होता. मग आठवलं. सकाळी मी मोहिनीकडे ताक आणायला गेले होते. जवळची वाट म्हणून त्यांच्या वाफ्यातून, लाल कांद्याच्या गोंड्यांमधून. रोज जात होते. रोज.

मी हलायची थांबले. दोन्ही हात वर करून उभी राहिले, पोलिसांनी पकडल्यासारखी. बाहेर पडायचं तर साडी गोंड्यांना लागणार. आत थांबायचं तर किती वेळ? जाळीवर माशा चालत होत्या. माझ्या इतक्या जवळ की त्यांच्या पायांवरचं दिसत होतं. त्यांच्या पायांवर काय आहे हे त्यांना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. मी त्यांना टॉवेलनं हाकललं होतं.

ह्यांनी लांबून हाक मारली, "काय गं, पूजा चाललीय का आत?"

"मला उचलून बाहेर काढा," मी म्हटलं.

ह्यांनी मला उचललं नाही, ह्यांची कंबर दुखते. मी निऱ्या खोचून, पोट आत ओढून, आडवी सरकत बाहेर आले. पाच-सहा गोंड्यांना तरी मी लागलेच.

तरी मी काम सोडलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ताक आणायला बांधावरून वळसा घालून जायला लागले, आणि आत जाताना जुनी धुतलेली मॅक्सी घालायला लागले. पण आधीचे दिवस तसेच होते, ते काही धुता येईनात.

एप्रिलमध्ये गोंडे सुकले, आत काळं बी दिसायला लागलं. जाळीतले गोंडे मी वेगळे कापले, उघड्यावरचे वेगळे. वेगळ्या पोत्यांवर वाळवले, वेगळे चोळले. उघड्यावरच्यांनी सूपभर बी दिलं. टपोरं, चकचकीत, ओतलं की आवाज करणारं. जाळीतल्यांनी दोन मुठी, त्यात निम्मं फोल. रंगानं दोन्ही काळीच. कांद्याचं बी बघून आत कोण आहे ते कुणालाच कळत नाही. ते लावायचं, आणि पुढच्या उन्हाळ्यात कांदा काढायचा, तेव्हा कळतं. म्हणून दोन्ही वेगळं बांधून ठेवायला मी दोन सुपं ओट्यावर ठेवली आणि आतून फडकी आणायला गेले. एकात आत्याबाईंचा कांदा, निदान माझ्या साडीपुरता सोडला तर आत्याबाईंचा. दुसऱ्यात कुणाचा कोण जाणे.

बाहेर आले तर आत्याबाई पाखडत होत्या.

एकच सूप हातात. दुसरं रिकामं, पालथं, मांडीशी. फोल उडत होतं आणि त्यांच्या पांढऱ्या केसांत अडकत होतं. सूप वर जात होतं, खाली येत होतं, टपोरं बी मागे सरकत होतं. इतकं सुंदर पाखडणं मला कधी जमलं नाही.

"आत्याबाई!" माझा आवाज चिरकला. "ते वेगळं होतं!"

"काय येगळं?"

"जाळीतलं. तुमचं."

"आन ह्ये कुनाचं?"

उत्तरं खूप होती. धर्माजी भाऊजींचं, कंपनीचं, पेटीतल्या माशांचं, माझ्या निऱ्यांचं, गुळाचं. त्यातलं कुठलंही म्हणायला तोंड उघडावं तर पुढचं वाक्य त्याला खोडून काढत होतं. मला रडू येत होतं आणि ते कशाचं हे कळत नव्हतं. कांदा आत्ता, या सुपात, या क्षणी संपला होता. किंवा वाचला होता. दोन्ही एकाच सुपात होतं.

त्यांनी चिमूटभर बी घेतलं, दातांखाली एक दाणा फोडला, बराच वेळ चघळला.

"भरलंय," म्हणाल्या. "लई वर्सांनी असं भरलं." मग सूप माझ्याकडे सरकवलं. "यातलं मूठभर मोहिनीकडं दिऊन ये."

"मोहिनीकडं? कशाला?"

"आगं, समदं बी एका घरात ठिवत्यात व्हय? आई दर साली शेजारणीकडं मूठ टाकायची, तीबी दोन दांडं लावायची. आपलं गेलं तर तिच्याकडनं मागून आनायचं, तिचं गेलं तर तिनं आपल्याकडनं. आजवर तुझ्या चुलत सासूकडं ठिवत व्हते. ती गेली, आन मी इसरले. म्हनून तर गारांत येवढा घोर लागला."

मी मूठ भरली. बांधावरच्या वळशानं गेले. आता वळसा घालायचं काही कारण उरलं नव्हतं, त्यांचेही गोंडे कापून झाले होते. मोहिनी अंगणात मिरच्या वाळत घालत होती. मी मूठ पुढे केली आणि आत्याबाईंनी काय सांगितलंय ते सांगितलं. तिनं आधी घराच्या दाराकडे बघितलं. आत भाऊजी जेवत होते.

"ह्यांना समजलं तर माझ्यासकट बी पाण्यात टाकतील," ती हळू म्हणाली. "कंपनीचा मानूस परवाच येऊन गेला." आणि पदर पसरला.

मी मूठ सोडली. तिनं ते बी बोटानं पसरून बघितलं.

"कसला येईल ओ अक्का? लाल का गुलाबी?"

"माहीत नाही."

"आत्यांना?"

"त्यांनाही नाही."

"मग मागायला आलात तर मी काय म्हनून देऊ?"

आतून भाऊजींची हाक आली, कोण आलंय म्हणून. मोहिनीनं पदर गोळा करून मुठीत धरला आणि म्हणाली, "कुनी न्हाई, अक्का आल्यात, ताक घ्यायला." मग माझ्याकडे बघितलं. मी भांडं आणलं नव्हतं. तिनं आत जाऊन स्वतःच्याच तांब्यात ताक ओतून मला आणून दिलं, आणि दुसरा हात, बी धरलेला, तसाच पाठीमागे ठेवला.